पक्षी दिसतो, संख्या दिसत नाही

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, ज्या मंदिरावरून उद्यानाला नाव मिळाले त्याच्या जवळ, काही दगडी फलक उभे आहेत. संस्थानी काळात येथे पाणपक्ष्यांच्या ज्या मोठ्या शिकारी झाल्या त्यांची तारीख, मुख्य पाहुण्याचे नाव आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या त्यांवर कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसापुढे ४,२७३ हा आकडा आहे. पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. गळ्यात कॅमेरा अडकवलेला आजचा पर्यटक हे फलक वाचतो, हळहळतो आणि आपण त्या काळात नव्हतो याबद्दल स्वतःचे थोडे कौतुकही करून घेतो. त्याची हळहळ रास्तच आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या फलकावर जे तीन तपशील आहेत – दिवस, जागा आणि संख्या – ते त्या पर्यटकाच्या कॅमेऱ्यातील शेकडो चित्रांत एकत्र मिळतीलच असे नाही. विशेषतः तिसरा.

याहून जुने आणि आपल्याला जवळचे उदाहरण दख्खनच्या माळावरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने, एका जिल्ह्यात. त्याच सुमारास मुंबई सरकारचा सांख्यिकी-अहवालक म्हणून विल्यम हेन्री साइक्स दख्खनमध्ये हिंडत होता. त्याने गावांची, पिकांची, माणसांची गणती केली, आणि जोडीने येथल्या दोनशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची यादी सिद्ध करून १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. हाच साइक्स पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला. पक्षिशास्त्र आणि आकडेमोड एकाच माणसाच्या वहीत शेजारी नांदत होती, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वसाहतीच्या कारभाराला मोजण्याचे वेड होते. त्या वेडामागचा हेतू महसुलाचा होता आणि शिकाऱ्याचा हेतू बढाईचा होता. तरीही आज माळढोक किती होते असे विचारले तर उत्तराचा आरंभ मॅन्सफील्डच्या त्या बढाईखोर आकड्यापासूनच करावा लागतो.

वन्यजीव-छायाचित्रणाचा इतिहास सामान्यतः एका उन्नयनाची कथा म्हणून सांगितला जातो: बंदूक खाली ठेवली गेली, कॅमेरा उचलला गेला, क्रौर्याची जागा करुणेने घेतली. कितीतरी निसर्गलेखकांच्या चरित्रांत हा प्रसंग जवळजवळ दीक्षाविधीसारखा येतो. ही कथा खोटी नाही. मात्र या अदलाबदलीत एक गोष्ट हातची निसटली, तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. शिकारी मोजत होता. छायाचित्रकाराला मोजण्याचे कारणच उरले नाही, कारण त्याला एक पक्षी पुरतो.

आरंभीच्या यंत्राचा स्वभावही याला कारण झाला. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ मध्ये ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील जे पुस्तक काढले, ते सर्वस्वी छायाचित्रांनी सजवलेले निसर्गविषयक पहिले पुस्तक मानले जाते. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून हे दोघे पोकळ केलेल्या, भुसा भरल्यासारख्या दिसणाऱ्या बैलाच्या आत बसून चित्रे घेत. काचेच्या पट्टीला भरपूर प्रकाश आणि पुरेसा वेळ लागे. उडता पक्षी तिच्या आवाक्याबाहेर होता. मग जो पक्षी एका जागी हमखास येणार आणि काही काळ स्थिर राहणार तोच टिपता येई, आणि असा पक्षी म्हणजे घरट्यावरचा पक्षी. पहिल्या पन्नासेक वर्षांचे पक्षी-छायाचित्रण हे म्हणूनच बव्हंशी घरट्यांचे छायाचित्रण आहे. भारतातही हेच घडले. लष्करी अधिकारी बेट्स यांचे भारतातील पक्षिजीवनावरचे पुस्तक १९३१ चे. रेल्वेत नोकरी करणारे लोथर यांचे भारतातील पक्षी-छायाचित्रकाराच्या अनुभवांवरचे पुस्तक १९४९ चे. दोघांनी मिळून काश्मीरमध्ये वीण करणाऱ्या पक्ष्यांवर लिहिले, ते १९५२ मध्ये आले. झाडाच्या शेंड्याशी बांधलेले मचाण, कनातीचे लपण, तासन्‌तास अवघडून बसणे आणि शेवटी चोचीत किडा घेऊन पिलांपाशी आलेली मादी. ही चित्रे आजही सुंदर वाटतात. त्यांत विषय आहे तो वंशसातत्याचा: घरटे भरलेले आहे, पिले आ वासून आहेत, सारे यथास्थित चालले आहे. जे घरटे यंदा बांधलेच गेले नाही त्याचे चित्र घेण्याची सोय या तंत्रात नव्हती. ती कोणत्याच तंत्रात नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीत ही कला वेगळ्या हातांत गेली. सिंगापूरचे चित्रपटव्यवसायी लोक वान थो हे सालिम अलींचे स्नेही आणि त्यांच्या कामाचे आश्रयदाते. त्यांचे पक्ष्यांच्या सहवासावरचे पुस्तक १९५७ चे. भावनगर राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजी यांनी १९५५ मध्ये सौराष्ट्राच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला, आणि माळढोकाचा अभ्यास जवळजवळ आयुष्यभर केला. मद्रासचे एम. कृष्णन यांनी १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘स्टेट्समन’मध्ये निसर्गाचे सदर चालवले, ते कृष्णधवल चित्रांशी एकनिष्ठ राहिले आणि निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग जोडून स्वतःचा कॅमेरा बनवत. या तिघांच्याही बाबतीत छायाचित्र हे लेखनाच्या आश्रयाने राहत होते. चित्राखाली मजकूर होता, मजकुरात ऋतू होता, गाव होते, मागच्या वर्षीची तुलना होती. पुढे चित्राने लेखनाशी फारकत घेतली आणि ते दिनदर्शिकेवर, प्रदर्शनाच्या भिंतीवर, कॉफी-टेबल पुस्तकात स्वतंत्र संसार करू लागले. त्यानंतरच्या काळाबद्दल मला अधिक बोलायचे आहे.

माळढोकाचेच पाहू. हा पक्षी माळाचा आहे, हे त्याच्या मराठी नावातच सांगून ठेवलेले आहे. उंचीने तो माणसाच्या कमरेच्या वर येतो, उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते, आणि मादी वर्षाकाठी साधारणतः एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर, घालते. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये मान मिळाला तो मोराला. सत्तरच्या दशकात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर या पक्ष्यांकडे निसर्गप्रेमींचे लक्ष गेले आणि १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तालुके मिळून अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते होते. अभयारण्याच्या इतक्या मोठ्या कल्पनेने शेतकरी बिथरले नसते तरच नवल. २०१२ मध्ये ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले.

नान्नजची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांच्या डोळ्यांपुढे एकच प्रतिमा येईल. पावसाळ्याचे दिवस, गळ्याची पांढरी पिशवी जमिनीपर्यंत फुगवलेला, शेपटी पाठीवर उलटी घेतलेला नर. मादीला बोलावण्याचा हा त्याचा विधी. टेलिफोटो भिंगातून घेतलेल्या या चित्रात नर लख्ख दिसतो आणि त्याच्या मागेपुढे हिरवट-पिवळ्या रंगाचा एक मऊ धूसरपणा असतो. छायाचित्रकलेच्या परिभाषेत ही पार्श्वभूमी ‘स्वच्छ’ समजली जाते. पण ते जे पुसले गेले आहे तोच माळ आहे! कुसळीचे गवत, मेंढ्यांची वाट, नांगरट, विहिरीचे नवे इंजिन, उसाचा फड, वनखात्याने ‘पडीक’ जमीन सुधारण्याच्या भरात लावलेली झाडे, आणि क्षितिजावरची विजेची तार. माळढोक का नाहीसा होत आहे याची सारी कारणे त्या धूसर पट्ट्यात आहेत. आपल्या भाषेने पक्ष्याच्या नावात माळ ठेवला, चित्राने तो काढून टाकला.

गवताळ माळ ही एक स्वयंपूर्ण सृष्टी आहे, ती झाडे लावून ‘सुधारायची’ नसते, हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे ऐंशीच्या दशकात माळढोकाचा अभ्यास करणारे असद रहमानी सातत्याने सांगत आले. तो युक्तिवाद समजायला माळ दिसावा लागतो. आपल्या सौंदर्यदृष्टीला मात्र जंगल म्हणजे झाडी. माळ म्हणजे काही नसलेली जागा. मराठी कवितेनेही माळाला बहुधा उजाडपणाचे, वैराग्याचे काम दिले. व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणदेशी लेखक सोडला तर माळ हे कुणाचे तरी घर आहे अशा जाणिवेने लिहिणारे थोडेच निघतील.

देशभरातल्या माळढोकांचा अंदाज १९६९ च्या सुमारास १,२६० होता. आज तो जेमतेम दीडशेच्या आसपास असून त्यातील बहुतेक पक्षी राजस्थानच्या वाळवंटी भागात आहेत. नान्नजला गेल्या काही वर्षांत एखाददुसऱ्या पक्ष्याच्याच नोंदी होत आल्या. याच काळात माळढोकाची जितकी छायाचित्रे निघाली तितकी त्याआधीच्या शंभर वर्षांत निघाली नसतील. जेव्हा पक्षी विपुल होता तेव्हा कॅमेरा नव्हता किंवा महाग होता. कॅमेरा स्वस्त आणि तल्लख झाला तेव्हा पक्षी विरळा झाला. पुढच्या शतकातील एखाद्या संशोधकाने केवळ चित्रांच्या संख्येवरून अनुमान बांधले, तर माळढोकाची खरी भरभराट एकविसाव्या शतकात झाली असे तो म्हणेल.

माळढोकाचा ऱ्हास निदान जाणवला, कारण तो आधीच दुर्मिळ आणि देखणा होता. भरतपूरमध्ये याची दोन टोके एकाच आकाशाखाली सापडतात. तेथे हिवाळ्यात येणाऱ्या सायबेरियन क्रौंचांसाठी जगभरचे छायाचित्रकार जमत. साठच्या दशकात दोनशेच्या आसपास असलेला तो थवा वर्षागणिक घटत गेला आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. ही घट वर्तमानपत्रांतून कळत होती. यंदा किती आले हा प्रश्न लोक विचारत होते. त्याच उद्यानातील झाडांवर गिधाडांची शेकडो घरटी होती, आणि त्यांच्याविषयी असा प्रश्न कोणी विचारत नव्हते. पांढऱ्या पाठीचे गिधाड त्या वेळी जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल होते. जे विपुल आहे, कुरूप आहे आणि मेलेल्या ढोरावर बसते, त्याच्यावर फिल्म कोण खर्च करणार?

मोजणारा एक माणूस मात्र होता. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात केवलादेवमधील शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. त्यांच्या वहीत १९८७-८८ च्या हंगामातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते त्याच जागी परत आले. घरटी निम्म्याहून कमी झाली होती. माना खाली घालून बसलेले आजारी पक्षी होते, झाडांच्या फांद्यांत अडकलेली मृत गिधाडे होती. १९९९ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तेथे एकही घरटे उरले नाही. या माणसाकडे विलक्षण यंत्रसामग्री नव्हती. त्याच्याकडे आधीची वही होती आणि तो त्याच झाडांपाशी परत गेला होता.

पुढची कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासावरून दाखवून दिले की, गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. तोवर उशीर झाला होता. रस्त्यांवरून ठरावीक मार्गाने केलेल्या गणनांनुसार १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांत एक उरले. मुंबईत मलबार हिलवरच्या दख्म्यात पारशी समाजाला शतकानुशतकांच्या अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचा आधार घ्यावा लागला.

मराठीच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये रंगमंचावर आले तेव्हा त्या शीर्षकामागे प्रेक्षकाने पाहिलेला पक्षी होता. आज तेच नाटक शिकणाऱ्या विद्यार्थ्याने गिधाड बहुधा पाहिलेले नसते; त्याच्यापुढे रूपक शिल्लक आहे, उपमान गेले आहे. आणि गिधाडे किती होती याचा मराठीतील उत्तम पुरावा शोधायचा झाल्यास तो निसर्गलेखनात शोधू नये. तो दलित आत्मकथनांत आहे. गावात ढोर मेले की आकाशात घिरट्या सुरू होणे, आणि त्या घिरट्यांच्या आधी पोचण्यासाठी माणसांनी धावणे, हे प्रसंग ज्यांनी लिहिले त्यांना पक्षिनिरीक्षणाशी काही देणेघेणे नव्हते. भूक त्यांना निरीक्षण शिकवत होती. गिधाडांचे एकही सुबक छायाचित्र त्या गावांत निघाले नसेल, पण त्या पानांत काळ आहे, जागा आहे आणि थव्यांचा अंदाजही आहे.

मग पुरावा कशाने होतो? १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधील बहिरी ससाण्यांची अंडी तपासून त्यांची कवचे दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ झाल्याचे दाखवले, आणि कीटकनाशकांवरचा आरोप पक्का झाला. ही अंडी ज्यांनी जमवली होती ते संग्राहक हौशी होते, कित्येक तर उघड घरटेचोर होते. पण प्रत्येक अंड्यासोबत तारीख आणि ठिकाण होते. उलट, चिठ्ठी खोटी असेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्या खानदेशात आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे जगभरच्या संग्रहालयांत अवघे सात नमुने होते. त्यातील एक रिचर्ड माइनर्त्झहागेन याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळवल्याचे लिहून ठेवले होते. पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केले की तो नमुना चोरलेला होता आणि चिठ्ठी बनावट होती. खरी शेवटची नोंद जेम्स डेव्हिडसनची, १८८४ ची. ती बनावट चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला, एकशे तेरा वर्षांनी. मध्यंतरी रानपिंगळ्याचे म्हणून छापले गेलेले एक छायाचित्रही पुढे साध्या पिंगळ्याचे ठरले होते. चित्र खोटे बोलत नाही हा समज किती भाबडा आहे!

अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी १९०० च्या नाताळात एक साधी सूचना केली होती. त्या दिवशी गट पाडून जास्तीत जास्त पक्षी मारण्याची जी चुरस चाले, तिच्याऐवजी पक्षी मोजावेत. पहिल्या वर्षी सत्तावीस माणसांनी मोजले. बंदूक टाकून वही घेण्याची ही कथा, बंदूक टाकून कॅमेरा घेण्याच्या कथेइतकी नाट्यमय नाही, म्हणून ती कमी सांगितली जाते. पण ती गणना आजतागायत चालू आहे. भारतात अशी दीर्घ परंपरा नव्हती. २०२३ चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांच्या आसपास हौशी निरीक्षकांनी संगणकावर भरलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतील ६० टक्के घटत आहेत. त्यात नीलपंख आहे. तारेवर बसलेला, पंख उघडताच निळा स्फोट करणारा हा पक्षी नवख्या छायाचित्रकाराचा आवडता विषय. त्याच्या चित्रांना तोटा नाही. चिमणीविषयी आपण वर्षानुवर्षे शोक केला, कारण ती घराच्या वळचणीला होती. नीलपंख कमी झाल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

या नोंदींना आता छायाचित्रही जोडता येते, आणि डिजिटल कॅमेरा चित्रासोबत दिवस नि वेळ आपोआप लिहून ठेवतो. कीर्टन बंधूंना जे स्वतः लिहावे लागले असते ते यंत्र करते. तरीही स्पर्धेला पाठवायचे चित्र वेगळे आणि नोंदीचे चित्र वेगळे, असा भेद छायाचित्रकारांच्या मनात पक्का आहे. पहिल्यात तार चालत नाही. ती चौकटीबाहेर ठेवतात किंवा नंतर पुसतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. थरच्या वाळवंटात विजेच्या तारांवर आपटून दरवर्षी सुमारे अठरा माळढोक मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. तारा जमिनीखालून न्याव्यात की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे चालला. नोंदीच्या चित्रात तार असते. पक्षी लहान दिसतो, बहुधा पाठमोरा, उन्हाच्या लाटांत हललेला. बाजूला पवनचक्कीचा खांब, खाली तारीख, गावाचे नाव आणि पक्ष्यांची संख्या: एक.